टॉप ५ की टॉप १०?

सरांचा फोन आला तेव्हा मी बसमधे उभी होते, एका हातात वरचा दांडा, खांद्यावरून बॅग सतत घसरतेय, आणि फोन कान आणि खांद्याच्या मधे कसाबसा दाबून धरलेला. सर म्हणाले, "अगं, तुझा तो मास्टर्सच्या अर्जासाठीचा रेकमेंडेशनचा फॉर्म उघडून बसलोय. पत्र लिहून झालंय. पण खाली एक तक्ता दिलाय. विश्लेषण, संवाद, नेतृत्व, प्रामाणिकपणा, आणि समोर रकाने आहेत. टॉप २ टक्के, टॉप ५, टॉप १०, टॉप २५. तुला कशात टाकू?" मी म्हटलं, सर, तुम्हाला वाटेल ते. तर म्हणाले, "मला वाटतंय ते ठीक आहे गं, पण कुणाच्या तुलनेत? आजवर शिकवलेल्या सगळ्या पोरांच्या, की नुसत्या तुझ्या बॅचच्या? आणि प्रामाणिकपणात टॉप ५ टक्के म्हणजे काय, उरलेले ९५ खोटारडे?" सर स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, त्यामुळे हा प्रश्न त्यांना खरंच पडलेला होता. मला काहीही उत्तर सुचेना. माझा स्टॉप आला, मी उतरले, तोवर ते "बरं, बघतो मी" म्हणाले आणि फोन ठेवला.

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरं तर हे मला विचारायचंच नव्हतं, कारण आठवडाभर आधीच मी त्या पोर्टलवर एका चौकोनात टिक करून टाकली होती, की हे पत्र बघायचा माझा हक्क मी सोडतेय. ज्यांनी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांचे अर्ज भरलेत त्यांना तो चौकोन माहीत असेल. तिथल्या १९७४ च्या एका कायद्यानं विद्यार्थ्याला ॲडमिशन घेतल्यावर स्वतःची कागदपत्रं बघायचा हक्क मिळतो, त्यात ही पत्रंही आली, म्हणून अर्ज करतानाच विचारून घेतात, की हक्क ठेवणार का सोडणार. सगळे सांगतात सोड, कारण विद्यार्थ्याला दिसणार नाही अशा पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो. हे पटतं. तरीपण टिक करताना बोट जरा थांबतंच. आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहिणार, ते तिसरंच कुणी वाचणार, त्यावरून आपलं पुढचं वर्ष ठरणार, आणि मधे आपण कुठेच नाही.

आणि अर्ज कशाचा, तर मार्केटिंगचा! म्हणजे लोकांना काय वाटतं, का वाटतं, ते कसं शोधायचं हे जिथे शिकवतात तिथला.

मला एमबीए करायचं नव्हतं, हे आधी घरच्यांना आणि मग मित्रमंडळींना समजावण्यात बरीच शक्ती गेली. तिथल्या एमबीएला साधारण काही वर्षं नोकरी केलेली लागते, त्यात फायनान्स, ऑपरेशन्स, एचआर असं सगळं थोडंथोडं येतं आणि मार्केटिंग त्यातला एक भाग असतो. नुसत्या मार्केटिंगची मास्टर्स वेगळी, बहुतेक ठिकाणी वर्षा-दीड वर्षाची, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांनाही घेणारी, आणि आतमधे बघितलं तर कन्झ्युमर बिहेवियर, रिसर्च, प्रायसिंग, ब्रँड, ॲनालिटिक्स. लोकांना वाटतं मार्केटिंग म्हणजे जाहिराती आणि गोड बोलणं. कोर्सची यादी वाचली तर निम्मं आकडेशास्त्र आणि निम्मं मानसशास्त्र दिसतं, मला तरी तसंच दिसलं आणि म्हणूनच ते हवंसं वाटलं. फिलिप कोटलर, ज्यांचं जाडजूड पुस्तक १९६७ पासून मार्केटिंगच्या वर्गांमधे फिरतंय, ते स्वतः शिकलेले इकॉनॉमिस्ट. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "माझं ग्रॅज्युएशन वेगळ्याच विषयात झालंय, मला घेतील का" म्हणून घाबरणारे खूप असतात.

मग परीक्षा. जीमॅट, म्हणजे बिझनेस स्कूलची प्रवेशपरीक्षा, आता बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असते, पण माझ्या ट्रान्सक्रिप्टमधे गणिताचे पेपर कमी दिसत होते म्हणून मी द्यायची ठरवली. ही परीक्षा १९५४ पासून आहे, आणि २०२३ च्या शेवटाला नवीन रूपात आली. सव्वादोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं. स्कोअर २०५ ते ८०५ मधे येतो आणि नेहमी शेवटी ५ असतो, जुने स्कोअर ० वर संपायचे, दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ही सोय. प्रत्येक सेक्शनच्या शेवटी मागे जाऊन फार तर तीन उत्तरं बदलता येतात. हे सगळं कोचिंगवाले सांगतात. पण त्यातला डेटा सफिशियन्सी नावाचा जो प्रश्नप्रकार आहे त्याबद्दल मला जरा वेगळं बोलायचंय. त्यात उत्तर काढायचंच नसतं. एक प्रश्न असतो, खाली दोन विधानं, आणि तुम्ही एवढंच सांगायचं की हे उत्तर काढायला दिलेली माहिती पुरते का. पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, दोन्ही वेगवेगळी पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. सुरुवातीला जाम चिडचिड होते, हात आपोआप गणित सोडवायला धावतो. हळूहळू त्यातली मजा कळते. "पुरत नाही" हेसुद्धा पूर्ण उत्तर असतं, त्याला पूर्ण मार्क असतात. त्या दिवसांत रात्री प्रॅक्टिस करताना मला सरांचा फोन आठवायचा. तक्त्यातल्या चार रकान्यांत माणूस टाकायला सरांकडे असलेली माहिती पुरते का? सरांचं म्हणणं असं की नाही पुरत, आणि फॉर्ममधे तसा पर्याय फारसा कुणी निवडत नाही.

एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२० मधे एक निरीक्षण छापलं होतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्या लोकांना गुण द्यायला सांगितलेलं, शरीरयष्टीचे वेगळे, बुद्धीचे वेगळे, नेतृत्वाचे वेगळे, चारित्र्याचे वेगळे. आणि आकडे बघितले तर सगळे एकमेकांना चिकटलेले. जो दिसायला दणकट तो हुशारही, तो नेताही, तो सज्जनही. म्हणजे अधिकारी चार गोष्टी मोजत नव्हते, त्यांच्या मनात त्या माणसाबद्दल एकच काहीतरी बरं-वाईट होतं आणि तेच चार ठिकाणी उतरत होतं. याला हेलो इफेक्ट म्हणतात आणि मार्केटिंगच्या पहिल्याच काही तासांत तो येतो, कारण ब्रँडचंही असंच होतं, एक वस्तू आवडली की त्याच नावाची दुसरी न बघताच चांगली वाटते. शंभर वर्षं होऊन गेली, आणि ज्या विषयात हे शिकवतात त्याच विषयाच्या प्रवेशासाठी तसाच तक्ता अजून भरून घेतात. मला यात राग नाही. हजारो अर्ज वाचायचे तर काहीतरी रकाने लागणारच. पण सरांनी फोन करून विचारलं, ते न विचारता सगळीकडे टॉप २ वर टिक करून मोकळे झाले नाहीत, याचं मला त्या दिवशी ओझं वाटलं आणि आता फार कौतुक वाटतं.

ओझं वाटायचं कारण वेगळं होतं. मी स्वतः हेच काम केलेलं आहे, पलीकडच्या बाजूनं.

कॉलेजच्या सुट्टीत मी एका सर्व्हे कंपनीसाठी फॉर्म भरून घ्यायचे. एका मोठ्या दुकानाच्या बाहेर उभं राहायचं, ऊन डोक्यावर, प्लॅस्टिकचं पॅड तापून हाताला चटके, पेनातली शाई मधेच अडकायची म्हणून कागदाच्या कोपऱ्यात गिरगोटे काढायचे. बाहेर पडणाऱ्या बायकांना थांबवून वॉशिंग पावडरबद्दल प्रश्न विचारायचे. किंमत किती महत्त्वाची, १ ते ५. दर्जा, १ ते ५. वास, ब्रँड, जाहिरात, १ ते ५. ही पाच पायऱ्यांची पट्टी रेन्सिस लायकर्टनं १९३२ मधे मांडली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला एवढंच माहीत होतं की संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचाय. आणि बायका घाईत. एक साठीच्या पुढच्या आजी मात्र थांबल्या, पिशव्या खाली ठेवल्या, चष्मा वर केला. किंमत? पाच. दर्जा? पाच. वास? पाच. ब्रँड? "पाच टाक. सगळंच महत्त्वाचं असतं गं." मी पाच पाच लिहीत गेले. मग त्या खाली वाकून पिशवीतला डबा काढून म्हणाल्या, "खरं सांगू का, मी ही घेते कारण हिचं झाकण माझ्या हातानं उघडतं. बाकीच्यांची पाकिटं कात्रीशिवाय उघडत नाहीत, आणि कात्रीत माझी बोटं जात नाहीत आता." आणि त्यांनी हात पुढे केला. सांधे सुजलेले, अंगठा थोडा आत वळलेला. मी फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला, झाकणाचा रकानाच नव्हता. त्यांना ते कळलं बहुतेक. म्हणाल्या, "नसू दे, तूच टाक काय ते," आणि पिशव्या उचलून गेल्या.

मी ते समासात लिहिलं. पेन अडकत होतं म्हणून दोनदा गिरवून लिहिलं. संध्याकाळी गठ्ठा देताना सुपरवायझरना दाखवलं, ते माणूस म्हणून चांगले होते, त्यांनी नीट वाचलं सुद्धा, आणि म्हणाले की समासातलं डेटात जात नाही.

नंतर वाचताना कळलं की "सगळंच पाच" हा या धंद्यातला जुना प्रश्न आहे. लोकांना सुटं सुटं विचारलं की प्रत्येक गोष्ट महत्त्वाचीच असते, त्यात कुणाची लबाडी नसते. म्हणून मग कॉन्जॉइंट ॲनालिसिस आलं. त्याचं गणित १९६४ मधे ल्यूस आणि ट्युकी यांनी मांडलेलं, आणि १९७१ मधे पॉल ग्रीन आणि विठ्ठल राव यांनी ते मार्केटिंगमधे आणलं. त्यात "किंमत महत्त्वाची का" असं विचारतच नाहीत. पूर्ण वस्तू समोर ठेवतात, ही स्वस्त पण वास नसलेली, ही महाग पण मोठं पॅक, ही मधली, आणि म्हणतात क्रम लावा किंवा एक निवडा. निवडायला लागलं की काहीतरी सोडावं लागतं, आणि माणूस काय सोडतो त्यावरून त्याला काय हवंय ते गणितानं काढता येतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला अक्षरशः उठून दोन फेऱ्या माराव्या लागल्या इतकं भारी वाटलं. पण मग लक्षात आलं की आजींचं झाकण त्यातही सापडलं नसतं. कारण झाकण हा एक गुणधर्म आहे हे आधी कुणालातरी सुचावं लागतं, तेव्हा ते यादीत येणार, मग ते पर्यायांत येणार, मग त्याचं वजन निघणार. कितीही चांगलं मॉडेल असू द्या, जे आत टाकलंच नाही ते बाहेर कसं येईल. म्हणजे त्याच्या आधी कुणीतरी उन्हात उभं राहून पूर्ण ऐकून घ्यायला पाहिजे. आणि नुसतं ऐकूनही भागत नाही, कारण एका आजींवरून कारखान्यानं झाकण बदलायचं का, अशा किती आजी आहेत, हे मोजावंच लागतं. समासातली गोष्ट रकान्यापर्यंत कशी न्यायची, मला शिकायचंय ते एवढंच होतं. अजूनही एवढंच आहे.

तर मी एसओपीची, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधाची, सुरुवात आजींपासून केली. आणि ज्यांना ज्यांना वाचायला दिलं त्या जवळपास सगळ्यांनी आजींना काढायला सांगितलं. "यात लीडरशिप कुठंय?" "पहिल्या पॅरात पॅशन दिसायला पाहिजे." "तू मार्केटिंगला अप्लाय करतेयस ना, मग आधी स्वतःला मार्केट कर, तू ब्रँड आहेस." हे शेवटचं वाक्य तर प्रत्येक काउन्सेलरच्या तोंडी असतं. त्याला अगदीच आधार नाही असं नाही. १९६९ मधे कोटलर आणि सिडनी लेव्ही यांनी एक लेख लिहिला होता, की मार्केटिंग फक्त साबणापुरतं नाही, निवडणुकीतले उमेदवार, देणग्या मागणाऱ्या संस्था, विद्यार्थी मिळवणारी कॉलेजं, सगळेच ते करतात. त्यावर तेव्हा वादही झाला. पण त्या लेखाचा अर्थ "स्वतःची जाहिरात करा" असा काढणं मला मनापासून चुकीचं वाटतं. समोरच्याची गरज काय आहे ते आधी बघा, हे त्यातलं मूळ आहे. टेबलापलीकडे बसलेल्या माणसानं सकाळपासून कितीतरी पॅशनेट, डायनॅमिक, टीम प्लेअर वाचलेले असतात. त्याला काय हवं असेल? वर्गात बसल्यावर बाकीच्यांना काहीतरी नवीन दाखवील असं कुणीतरी. ते विशेषणांतून कसं दिसणार? आणि मला ती विशेषणं स्वतःला लावताना पोटात कसंतरी व्हायचं, खोटं बोलतेय असं नाही, पण दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घालून उभी आहे असं. आजी राहिल्या.

एक मात्र मान्य करते, की सगळ्यांचं ऐकून मी शेवटचा अर्धा भाग बराच घट्ट केला. त्या प्रोग्रॅममधे रिसर्च मेथड्सचा कोर्स कसा आहे, खऱ्या कंपनीबरोबरचा प्रोजेक्ट कोणत्या टर्मला येतो, मला तो का हवाय, हे नावानिशी लिहिलं. ही माहिती त्यांच्याच साइटवर असते, पण ती वाचून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं लिहायला वेळ लागतो आणि तो वेळ दिलेला वाचणाऱ्याला कळतो असं मला वाटतं. स्वतः त्यांच्या जाहिराती वाचतानाही मजा येत होती. वेबिनारला नाव नोंदवलं की ईमेल सुरू. "आम्ही तुमच्या अर्जाची वाट बघतोय." "फी माफीची मुदत रविवारपर्यंत." फोटोत नेहमी गवतावर बसून हसणारी पाच-सहा मुलं. त्यांनाही चिंता असतेच, कारण ज्यांना प्रवेश दिला त्यातले खरंच किती येतात हा आकडा त्यांच्या दृष्टीनं फार मोठा असतो. मला यामुळे उलट धीर आला. आपण एकटेच दारात उभे नाही आहोत, तेही आहेत.

सगळ्यात अवघड गेला तो रेकॉर्डेड इंटरव्ह्यू. काही प्रोग्रॅम्समधे असतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला अर्धं मिनिट, मग कॅमेऱ्याचा दिवा लागतो आणि मिनिटभर बोलायचं. समोर कुणीच नाही. मान हलवणारं, भुवई वर करणारं, पिशवी खाली ठेवणारं कुणी नाही. खोलीतला पंखा बंद केलेला, आवाज येऊ नये म्हणून, मानेवरून घाम उतरतोय, आणि आपण एका काळ्या ठिपक्याला सांगतोय की आपल्याला माणसांमधे किती रस आहे. प्रश्न होता, "अलीकडे तुम्हाला आवडलेलं एखादं प्रॉडक्ट आणि ते का." मी झाकणाबद्दल बोलले नाही, ते एसओपीत होतंच. शब्द जुळवत बोलले. संपल्यावर स्क्रीनवर फक्त "धन्यवाद" आलं. त्या बाजूला कुणी बघून हसलं की जांभई दिली, आजतागायत माहीत नाही.

निकाल तसेच आले जसे सगळ्यांचे येतात, काही हो, काही नाही, एक वेटलिस्ट जी नुसती लांबत गेली. नकाराच्या ईमेलमधे कारण नसतं, अर्ज खूप चांगले होते आणि जागा कमी होत्या एवढंच. एका ठिकाणी मी विचारून बघितलं, तर त्यांनी दोन ओळींत सांगितलं की संख्याशास्त्राचा पाया आणखी दिसायला हवा होता. हे कळल्यावर वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्या "जागा कमी होत्या"पेक्षा हे दोन ओळींचं कारण हातात घेऊन मी जास्त शांत झोपले. सरांनी कुठला रकाना भरला ते मी त्यांना विचारलं नाही. हक्क सोडला होता म्हणून नव्हे. त्यांनी जे पत्र लिहिलं त्यात त्यांच्या समासातलं काहीतरी असणार, तेवढं मला पुरतं.

सध्या माझी मावसबहीण अर्ज भरतेय, मार्केटिंगचाच. तिनं परवा ड्राफ्ट पाठवला, त्यात पहिल्याच ओळीत लहानपणापासूनची आवड होती. मी तिला फोन केला आणि म्हटलं हे सगळं जाऊ दे, तू शेवटचं कुणाकडे टक लावून बघत बसली होतीस ते सांग. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, लायब्ररीत परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली असते ना, लोक कपाटापर्यंत जातच नाहीत, त्या ट्रॉलीतूनच उचलतात. मी एकदा मुद्दाम कपाटातली, कुणी नेत नाही अशी पुस्तकं त्यात ठेवून बघितली. गेली गं!" मी विचारलं का गेली असतील? त्यावर ती जी सुरू झाली ती थांबेचना. दुसऱ्या कुणीतरी आधी नेलं होतं म्हणून विश्वास बसत असेल, की फक्त हाताशी होतं म्हणून, की कपाटात खूप आहेत आणि ट्रॉलीत थोडीच, आणि हे तिन्ही वेगळे कसे करायचे, ट्रॉलीवर "नवीन" अशी पाटी लावून बघितलं तर? तिच्या ड्राफ्टमधे यातलं एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, हे लिही, आणि शेवटचा प्रश्न अर्धवटच ठेव, उत्तर माहीत असल्यासारखं करू नकोस.

तर आता ५०० शब्दांची मर्यादा आहे आणि ट्रॉलीनंच तिचे दोनशेच्या वर शब्द खाल्लेत. इंटर्नशिपचा पॅरा कापायचा का यावर कालपासून आमचं भांडण चालू आहे. ती म्हणते तो रिझ्युमेतला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. मी म्हणते रिझ्युमेत आहे ना, मग इथे कशाला परत.